झरणीवर कोरलेले नाव

वापरातली वस्तू संग्रहातली वस्तू कधी होऊन बसते, तो दिवस कोणालाच सांगता येत नाही. कंदील गेला, पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब गेला, पाटा-वरवंटा गेला. आणि त्यांच्या मागोमाग, फारसा गाजावाजा न करता, शाईचे पेनही गेले. ज्यांची शाळा १९८० च्या आधी संपली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी बोटांना निळे डाग पाडून घेतल्याशिवाय वार्षिक परीक्षा दिली नसेल. त्यांच्या नातवंडांनी मात्र शाईची दौत पाहिली असलीच तर एखाद्या दुकानाच्या कपाटात, शोभेची म्हणून.

पण गंमत अशी, की घरातून जे गेले ते प्रदर्शनात आले. फाउंटन पेनांचा शौक असणारी मंडळी जगभर आहेत. २०१२ पासून नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार फाउंटन पेनाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या मुंबईतही पेनांची प्रदर्शने आणि संग्राहकांचे मेळावे भरतात. लांबलचक टेबले मांडलेली असतात, त्यांवर मखमलीच्या खाचांतून पेने ओळीने निजवलेली असतात. कोणी डोळ्याला भिंग लावून निब तपासतो, कोणी शाईत बुडवून कागदावर चार रेघा ओढून पाहतो. आणि या गर्दीत एखादे गृहस्थ मुलुंडहून किंवा बोरिवलीहून रुमालात गुंडाळलेले वडिलांचे जुने पेन घेऊन आलेले असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "याचे किती येतील हो?"

प्रश्न गैर नाही. परंतु वाचकहो, इतिहासाच्या दृष्टीने त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो म्हणजे, "हे कोणाचे?" या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी त्या टेबलांवरची वस्तू नीट ओळखून घेऊ. फाउंटन पेनाला आपल्याकडे 'झरणी' असे सुरेख नाव मिळाले होते. ते फार चालले नाही, पण वस्तूचे मर्म त्यात अचूक आले आहे. झरा कसा आतून पाझरतो, वरून ओतावा लागत नाही, तसे हे पेन. त्याच्या आधी आपल्याकडे बोरू होता. बोरूची शाई काजळ, डिंक आणि पाणी यांची. मोडीचे वळण त्याच बोरूने घडवले. इंग्रजी अमलात पोलादी निबेचा टाक आला. एकोणिसाव्या शतकात अशा निबांचे मोठे केंद्र इंग्लंडातले बर्मिंगहॅम शहर हे होते, आणि तिथल्या निबा जगभर जात. टाक काय नि बोरू काय, दोघांनाही चार शब्द झाले की दौतीकडे धाव घ्यावी लागे.

शाई पेनाच्या पोटातच भरून ठेवावी, ही कल्पना जुनी. पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ साली पॅरिसमध्ये अशा पेनाचे पेटंट घेतले होते. अडचण शाई भरण्याची नव्हती, ती बेताने उतरवण्याची होती. बघा, पेनाच्या नळीतून शाई जेवढी बाहेर येते तेवढी हवा आत जावी लागते. हवा गेली नाही तर शाई अडते. हवा एकदम शिरली तर भसकन थेंब पडतो. अमेरिकेतील लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात निबेच्या खाली बसणाऱ्या पट्टीला बारीक खाचा ठेवल्या होत्या. त्या खाचांतून शाई खाली आणि हवा वर, असा दुहेरी व्यवहार एकाच वेळी चालू लागला. शर्टाच्या खिशातले अर्धे रिकामे पेन भरलेल्या पेनापेक्षा अधिक का गळते, याचेही उत्तर इथेच आहे. अंगाच्या उबेने पोटातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मुंबईच्या उन्हाळ्यात किती पांढऱ्या सदऱ्यांचे खिसे या एका नियमाने निळे केले असतील, त्याची गणती नाही.

या वॉटरमनसाहेबांबद्दल एक गोष्ट तुम्हाला कोणत्याही प्रदर्शनात ऐकायला मिळेल. ते विम्याचे काम करीत. एका मोठ्या करारावर सही घेताना पेनाने डाग पाडला, तेवढ्यात दुसऱ्याने गिऱ्हाईक पळवले, आणि चिडून त्यांनी नवे पेन शोधून काढले. गोष्ट फक्कड आहे. मात्र तिला त्या काळचा पुरावा सापडत नाही. ती पसरली पुढच्या काळातल्या कंपनीच्या प्रचारातून. म्हणजे पाहा, पेन खरे, पेटंट खरे, आणि हकीगत मात्र मागाहून चिकटवलेली! मागाहून सांगितलेली गोष्ट आणि त्या वेळी लिहून ठेवलेली गोष्ट यांत फरक असतो तो हा.

लिहून ठेवलेल्या गोष्टीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. तिथे त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ साली छापून निघालेल्या या ग्रंथाचे हस्तलिखित शाईचे नाही, शिसपेन्सिलीचे आहे, कारण तुरुंगात लिहायला तेवढेच मिळे. आता एक पेन्सिल ती काय! पण ती कोणाच्या हातात होती, कुठे होती आणि तिने काय लिहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ती इतिहासात आहे. सोन्याच्या निबेची किती तरी पेने तिथे पोहोचली नाहीत.

आता प्रदर्शनातल्या देशी मालाकडे वळू. त्याच्याभोवती गर्दी अनेकदा कमी असते. आणि मुंबईकरांनी तर आधी पेनाकडे नव्हे, शाईकडे पाहावे असे मी म्हणेन.

कारण पेन आणले तरी त्यात घालायचे काय? बोरूची काजळी शाई पेनात चालत नाही. काजळाचे कण तळाशी बसतात आणि त्या बारीक खाचा बुजवून टाकतात. हिराकस आणि मायफळ यांची शाई टिकाऊ खरी, पण तिच्यातले आम्ल पोलादी निब खाते. म्हणून तर परदेशी कंपन्या सोन्याची निब करीत आणि सोने मऊ म्हणून तिच्या टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा कण बसवीत. फाउंटन पेनाची शाई गाळीव हवी, पातळ हवी, फार आम्ल नको, दमट हवेत बुरशी धरणारी नको. ही शाई परदेशातून येई. तेव्हा पेन देशी झाले असते तरी त्याचे पोट परदेशी शाईवरच भरले असते.

या ठिकाणी दांडेकर बंधूंचे नाव घ्यावे लागते. दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत 'दांडेकर अँड कंपनी' काढली. सुरुवात अगदी साधी: घोडा छाप शाईची पूड आणि वड्या. पूड पाण्यात कालवायची, दौत भरायची, टाकाने लिहायचे. लवकरच त्यांनी फाउंटन पेनासाठी 'कॅमल' म्हणजे उंट छाप शाई बाजारात आणली. 'कॅमल' आणि 'इंक' हे दोन शब्द एकत्र येऊन पुढे 'कॅम्लिन' हे नाव झाले. शाईपासून निघालेली ही वाट रंगांच्या पेटीपर्यंत आणि कंपासपेटीपर्यंत गेली, आणि मराठी घरातले एकही दप्तर त्या नावावाचून राहिले नाही. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. पण सुरुवात झाली ती शाईच्या पुडीने, हे विसरू नये. बंगालमध्येही याच सुमारास, १९३४ साली, 'सुलेखा' शाई सुरू झाली. स्वदेशी म्हटले की आपल्याला चरखा आठवतो, परदेशी कापडाची होळी आठवते. शाईची बाटली आठवत नाही. पण स्वदेशीचा पुकारा ज्या शाईने लिहायचा ती शाईच परकी असावी, हे शल्य त्या पिढीला होते.

देशी पेनाची हकीगतही याच सुमाराची आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन झाले, तिथे ग्रामोद्योगांसाठी संस्था काढण्याचे ठरले आणि वर्षअखेर अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याची आपली बाग त्याला दिली, तीच मगनवाडी. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, पेने करीत. त्यांचे एक पेन कुमारप्पांच्या मार्फत गांधीजींकडे गेले. गांधीजींचा स्वतःचा ओढा खेड्यातल्या बोरूकडे. तरीही त्यांनी ते पेन वापरून पाहिले आणि जुलै १९३५ मध्ये रत्नम यांना पत्र लिहून कळवले, की बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. या हकीगतीला आधार आहे तो त्या पत्राचा. ऐकीव गोष्टीवर ती उभी नाही.

या सगळ्याचा आपल्या उपनगराशी काय संबंध, असे कोणी विचारील. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने जाताना चकाला हे स्थानक लागते, त्याला जोडून जे. बी. नगर असेही नाव आहे. हे जे. बी. म्हणजे जमनालाल बजाज. ज्यांनी वर्ध्याची बाग दिली तेच. आणि अंधेरी पूर्वेच्या याच जे. बी. नगरात कॅम्लिनची कचेरी कित्येक वर्षे होती. वर्ध्याच्या बागेत देशी पेनाची पारख झाली आणि बाग देणाऱ्याच्या नावाच्या वस्तीत देशी शाईचा संसार वाढला. हा योगायोगच, पण लक्षात ठेवण्यासारखा. रोज हजारो लोक त्या स्थानकावरून जातात, जे. बी. ही अक्षरे कोणाची, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल?

गांधीजींच्या नावाचे आणखी एक पेन पुढे आले. २००९ साली मोंब्लाँ या युरोपीय कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचे पेन काढले. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ पेने, आणि एकेकाची किंमत अकरा लाख रुपयांच्या वर! प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली भारतातली विक्री थांबवावी लागली. संग्राहकाला ते पेन दुर्मिळ वाटेल, त्याचा दोष नाही. पण आपण या दोन पेनांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एकाच्या मागे एक साधे पत्र आहे, दुसऱ्याच्या मागे एक मोठी किंमत आहे. गांधीजींनी हातात धरले होते ते यांतले पहिले.

स्वातंत्र्यानंतर पेन हळूहळू सर्वांच्या खिशात आले. विल्सन, एअरमेल अशी मुंबईची पेने गावोगाव गेली. तमिळनाडूतले सात्तूर हे गाव निबांसाठी प्रसिद्ध झाले. स्वस्त पेनांच्या पोलादी निबेवर 'इरिडियम' असा शब्द ठोकलेला असे. टोकाला तो धातू असो वा नसो, शब्द मात्र असायचाच. ज्यांना ऐपत होती ते पार्कर घेत. १९४१ साली अमेरिकेत निघालेले 'पार्कर ५१' हे तर मानाचे पेन. चिनी 'हीरो'नेही पुढे पुष्कळ चाहते मिळवले. उपनगरच्या गाडीत खिशातले पेन सांभाळणे ही एक कलाच होती. दादरला उतरेपर्यंत पैशाचे पाकीट जागेवर आणि पेन गायब, असे होई. टोपणाला घट्ट क्लिप असणे म्हणूनच महत्त्वाचे.

आणि याच धास्तीने म्हणा, किंवा अभिमानाने म्हणा, लोक पेनावर नाव कोरून घेत. पेनाच्या दुकानात, फुटपाथवर, जत्रेत नाव कोरून देणारे बसत. कधी नुसते आडनाव, कधी नावापुढे 'बी. ए.', कधी 'सप्रेम भेट' आणि खाली साल. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर माणसे शंभरांत अवघी अठरा होती, हे ध्यानात घ्या. अनेक घरांत हे पेन म्हणजे घराण्यातला पहिला लिहिणारा हात. गिरणीत काम करणाऱ्या बापाने मुलगा मॅट्रिक झाला म्हणून घेतलेले पेन, शिक्षिकेला निरोपसमारंभात मिळालेले पेन, कारकुनाने पहिल्या पगारातून आणलेले पेन. सनद नाही, ताम्रपट नाही, तरी तो त्या घराचा दस्तऐवजच होता.

मग बॉलपेन आले. हंगेरीचे लास्लो बिरो यांनी १९३८ साली त्याचे पेटंट घेतले, १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये ते साडेबारा डॉलरना विकले गेले, आणि काही वर्षांतच ते इतके स्वस्त झाले की संपले की फेकायचे. आपल्या शाळांनी बरीच वर्षे त्याला दाराबाहेर ठेवले, अक्षर बिघडते म्हणून. पण शाई सांडत नाही, टीपकागद लागत नाही, पावसात भिजलेल्या हाताने लिहिता येते, या सोयीपुढे कोणाचे काय चालणार! शाईचे पेन खणात गेले, खणातून माळ्यावर गेले.

आता त्या प्रदर्शनातल्या टेबलाकडे परत येऊ. रुमालातले पेन बाहेर निघते. जाणकार ते हाती घेतो. निबेवर '१४ कॅरट' आहे का, पाहतो. अंगठ्याने घासून वास घेतो. एबोनाइट असेल तर गंधकाचा वास येतो. काळे एबोनाइट उन्हात राहून तपकिरी झाले आहे का, तेही पाहतो. अंगावर पेटंटचे साल असले तर ते पेटंटचे साल, पेन घडवल्याचे नव्हे, हे तो तुम्हाला बजावतो. आणि मग नळीवर कोरलेले नाव दिसते. अशा पेनाला बाजारात सहसा कमी भाव येतो! नवा मालक दुसऱ्याचे नाव घेऊन काय करणार? म्हणून काही विक्रेते ते नाव घासून काढतात आणि पेन पुन्हा चकचकीत करतात.

संग्राहकांवर राग धरण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच ही पेने भंगारात जायची वाचली. पेन उघडायचे कसे, निब सरळ करायची कशी, हे ज्ञानही आज त्यांच्याच हाती उरले आहे. आणि त्यांच्यात नाव जपणारे, मूळ मालकाचा माग काढणारेही आहेत. पण व्यवहाराचा ओघ उलटा आहे. परदेशी, दुर्मिळ आणि कोऱ्या पेनाला मान, आणि घरोघर वापरून झिजलेल्या देशी पेनाला जागा नाही. जे सर्वांत जास्त होते तेच सर्वांत आधी नाहीसे होते, कारण ते जपावे असे कोणाला वाटतच नाही. थोरांच्या वस्तू संग्रहालयात जातात, ते योग्यच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम पेनांची आवड होती, हे आपण सांगतो, आठवतो. परंतु त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी मुलाच्या हाती पहिल्यांदा पेन दिले, त्या पेनांचे काय झाले? ती हकीगत संग्रहालय सांगणार नाही. ती ज्याच्या त्याच्या घरानेच सांगायची आहे.

म्हणून एवढेच करा. घरात जुने पेन असेल तर ते बाहेर काढा. एबोनाइटचे असेल तर गरम पाण्यात घालू नका, रंग जातो. थंड पाण्यात निब भिजत ठेवा, वाळलेली शाई सुटेल. चित्रकलेची काळी शाई त्यात भरू नका, खाचा बुजतील. मग त्याच पेनाने एका कागदावर लिहा: हे कोणाचे, कोणी दिले, कोणत्या साली, कुठल्या कामाला वापरले. जे नक्की ठाऊक असेल तेवढेच लिहा. आठवत नाही ते आत्याला, काकांना विचारा, ते आहेत तोवर. तो कागद पेनाभोवती गुंडाळून ठेवा. पुढे पेन विकायचे झाले तर खुशाल विका, पण कागदाची एक प्रत घरात राहू द्या आणि दुसरी पेनाबरोबर जाऊ द्या. आणि घेणाऱ्याला एवढे सांगा, की नाव घासू नका.

प्रदर्शनाला जाल तेव्हाही तसेच करा. चकचकीत टेबल पाहून झाले की कोपऱ्यातल्या डब्याकडे जा, जिथे सुटी, टोपण हरवलेली, दात उमटलेली देशी पेने टाकलेली असतात. एखादे उचलून उजेडात धरा. नळीवर कोणाचे तरी नाव असेल. ते वाचा, आणि विक्रेत्याला विचारा, हे आले कुठून? त्याला ठाऊक असेल तर उत्तर तिथेच उभ्या उभ्या लिहून घ्या.